वैलावरची पेज

आमच्या वेंगुर्ल्याच्या जुन्या घरात चुलीच्या अंगाला एक लहान चूल होती. तिला वैल म्हणत. वैलात कधी कुणी लाकूड सारलं नाही. पुढच्या चुलीचा जाळ मधल्या भोकातून आत जायचा, तेवढ्या धगीवर तिचं भागायचं. भात, कढी, मासे सगळं पुढच्या चुलीवर, घाईने, फुंकणीच्या जोरावर व्हायचं. वैलावर मात्र सकाळपासून एकच टोप बसलेला असे, पेजेचा. उकडे तांदूळ रोवळीत धुऊन आई त्यात टाकी आणि आपल्या कामाला लागे. तासा-दीड तासाने झाकण काढलं की तांदूळ फुलून फुटलेला, पाणी दुधट आणि दाट, आणि घरभर उकड्या तांदळाचा तो मातकट वास.

मला ती पेज फार आवडायची. आणि शाळा संपवून मुंबईला वसतिगृहात राहायला गेले तेव्हा तिचीच मला लाज वाटली. खोलीतल्या मुलींनी विचारलं, गावाला सकाळी काय खाता? मी म्हटलं, पोहे. पेज हे आजाऱ्याचं आणि गड्यांचं खाणं, असं कुणी मला शिकवलं नव्हतं, तरी ते मला पक्कं ठाऊक होतं. का ठाऊक होतं, त्याकडे मी पुढे येते.

त्या दिवाळीत मामा आला होता. मामा मालवाहू बोटीवर भंडारी होता. आपल्याकडे भंडारी म्हटलं की जात आठवते, पण बोटीवरच्या बोलीत भंडारी म्हणजे स्वयंपाकी. सारंग, तांडेल, टोपास यांच्या ओळीतला एक हुद्दा. पडवीत बसून पेजेचा वाडगा तोंडाला लावता लावता त्याने सांतोसची गोष्ट सांगितली. ब्राझीलच्या त्या बंदरात बोट कॉफी भरायला लागली होती. मामाला ताप भरला होता, तोंडाची चव गेली होती. धक्क्यामागच्या खानावळीतल्या म्हातारीने त्याच्यापुढे खोलगट ताटली ठेवली. मऊ शिजलेला तांदूळ, पातळ रस, त्यात कोंबडीच्या मांसाचे धागे. तिने नाव सांगितलं, कांझा.

"गो, चमचो तोंडात घातलंय आणि डोळ्यांत पाणी इला," मामा म्हणाला. "ही आपली पेज! कोंबडी घातलेली, पण पेजच!"

मला वाटलं, तापातल्या माणसाला घर आठवलं, एवढंच. पुष्कळ वर्षांनी कळलं की मामाची जीभ अगदी बरोबर होती. दक्षिणेतल्या भाषांत पेजेला कांजी म्हणतात. ती पोर्तुगीजांनी उचलली, तिची त्यांनी कांझा केली आणि ती लिस्बनला गेली, तिथून ब्राझीलला गेली. आज दोन्ही देशांत आजाऱ्याला, बाळंतिणीला कोंबडीची कांझा देतात. आपल्या मराठीत कांजी म्हटलं की कपड्यांची खळ डोळ्यांपुढे येते, म्हणून ओळख चटकन पटत नाही. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात पटकीच्या रोग्याला मिरी-जिरं घालून भाताचं पाणी देतात आणि त्याला 'कांजे' म्हणतात, अशी नोंद आहे. त्या पटकीचं इथलं नावही पोर्तुगीजांनी उचललं, ते आपल्या 'मोडशी'वरून. म्हणजे या किनाऱ्याने त्यांना एकाच वेळी दुखण्याचंही नाव दिलं आणि उताऱ्याचंही. पोर्तुगीज बोलीत एखादी गोष्ट हातचा मळ आहे असं सांगायचं तर आजही म्हणतात, 'कांझा आहे'. जगाच्या पाकशास्त्रात कोकणाचं काय, असं कुणी विचारलं तर मी आता पोह्यांचं नाव सांगत नाही.

मामा गेला, त्याची वही माझ्याकडे आली. लांबट, पुठ्ठ्याची, तेलाने पारदर्शक झालेल्या पानांची. त्याने पदार्थांची नावं लिहिलीच नाहीत. वर बंदराचं नाव आणि खाली आपल्याकडचं काहीतरी. 'सांतोस, पेज.' 'मार्सेय, रापणीचं कालवण.' 'साल्वादोर, तांबोशी, नारळाचं दूध.' प्रमाणंही फारशी नाहीत. एका ठिकाणी साहित्यात लिहिलंय, 'मासे: मिळतील ते.' आधी मला ते अर्धवट वाटायचं. करायला लागले तेव्हा समजलं की यात सगळं आलं.

मार्सेय हे फ्रान्सचं बंदर. तिथला तो प्रसिद्ध पदार्थ म्हणजे बुयाबेस. आज तिथल्या मोठ्या हॉटेलांत तो भारी किमतीला मिळतो, पण जन्म त्याचा धक्क्यावरचा. जाळ्यात आलेले खडकाळ तळाचे काटेरी मासे, ज्यांना बाजारात गिऱ्हाईक नाही, ते कोळी समुद्राच्या काठावरच एका भांड्यात उकळायचे. पुढे पर्यटकांसाठी काहीही पाण्यात टाकून तेच नाव द्यायला लागले, म्हणून १९८० साली तिथल्या काही हॉटेलवाल्यांनी एकत्र येऊन जाहीरनामाच काढला: ठरलेल्या माशांतले किमान चार प्रकार हवेत, रस आणि मासे वेगवेगळे वाढायचे, मासे गिऱ्हाइकासमोर कापायचे. आपल्या कालवणासाठी कुणी इतकं भांडेल का, असं मनात येतंच.

पण मामाने त्याला रापणीचं कालवण म्हटलं, ते मला कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा जास्त पटतं. रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. होडीतून लांबच लांब जाळं समुद्रात अर्धवर्तुळात सोडतात आणि त्याची दोन टोकं किनाऱ्यावर दोन बाजूंना धरून माणसं ओढत आणतात. रापणकारांबरोबर जो कुणी दोराला हात लावेल त्याला वाटा. लहानपणी आम्ही पोरंही लटकायचो. मोठी सुरमई व्यापाऱ्याकडे जाई. वाट्याला यायचे चार पेडवे, एखादी शेंगटी, दोन-तीन कोळंब्या, एखादी कुर्ली, आणि ज्याचं नाव आईलाही माहीत नाही असा एक काटेरी मासा. असल्या वाट्याचं आई जे कालवण करी, त्याची चव निवडून आणलेल्या पापलेटला कधी आली नाही.

त्याचं कारण काट्यांत आणि डोक्यांत असतं. हाडं-कातडीतला चिकट अंश रसात उतरतो आणि रसाला अंग येतं. मटणाला त्यासाठी तास न् तास लागतात, माशाला वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. त्याहून जास्त उकळलं तर रस कडवट होतो. म्हणून मी आधी डोकी आणि बारीक काटेरी मासे कांदा, टोमॅटो, लसूण, बडीशेप घालून मोठ्या आचेवर खळखळून उकळते. हे खळखळणं महत्त्वाचं. ऑलिव्हचं तेल आणि रस त्या उकळीतच एकजीव होतात. मग गाळणीवर दाबून रस काढायचा, त्यात केशराच्या चार काड्या, बटाट्याच्या फोडी आणि शेवटी घट्ट मांसाचे तुकडे. वहीत मामाने एक ओळ दोनदा गिरवली आहे: 'आमसूल घालू नये. हात आवरावा.' पहिल्या वेळी मी हात आवरला नाही आणि झालं ते आपलंच कालवण, चांगलं, पण मार्सेयचं नव्हे. दुसऱ्या खेपेला आवरला. बेकरीच्या कडक पावावर लसूण-मिरचीचं वाटण लावून, वर तो केशरी रस ओतून खाल्लं तेव्हा वाटलं, हा समुद्र दुसरा आहे आणि तरी ओळखीचा आहे.

साल्वादोरचं पान मात्र माझं सर्वांत लाडकं. तो पदार्थ मोकेका. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला. तांबोशीचे जाड तुकडे लिंबू-मीठ-लसणात मुरवायचे. मातीच्या पसरट भांड्यात कांद्याच्या चकत्या, टोमॅटोच्या चकत्या, ढोबळी मिरची, त्यावर मासे, पुन्हा तेच थर, मूठभर कोथिंबीर, वरून नारळाचं दाट दूध. पाणी नाही, वाटण नाही. झाकण ठेवून मंद आचेवर पाव तास. डाव घालून ढवळायचं नाही. भांडं फडक्याने दोन्ही बाजूंना धरून हळूच हलवायचं. हे वाचलं आणि मला आईचे हात दिसले. माशाच्या टोपात डाव घातला तर ती ओरडायची.

खरं बाहियाचं मोकेका व्हायला देंदे लागतं, आफ्रिकेतून आलेल्या तेलताडाच्या फळांचं शेंदरी तेल. आपल्या दुकानातलं शुद्ध केलेलं पामतेल त्याचा रंगही देत नाही आणि वासही. मी घाण्याचं खोबरेल दोन चमचे घालते आणि रंगाचा हट्ट सोडते. लिंबू पिळायचं ते भांडं उतरवल्यावर, नाहीतर दूध फुटतं. सोलकढी करणाऱ्यांना हे सांगायला नकोच. त्याच देशाच्या एस्पिरितो सांतो प्रांतात नारळाचं दूध आणि देंदे दोन्ही वगळून मोकेका करतात आणि आपलंच खरं असं तावातावाने सांगतात. त्यांची काळी मडकी गोयाबेरास या वस्तीतल्या बायका चाकाशिवाय, हाताने घडवतात आणि तिवराच्या सालीचा रस मारून काळी करतात. २००२ साली ब्राझीलने त्या बायकांच्या कसबाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. तिवरं तर आमच्या खाडीतही आहेत.

पण मोकेकाशी माझं नातं जडलं ते नारळामुळे. ब्राझीलच्या त्या किनाऱ्यावर माड मुळात नव्हता. हिंदी महासागराच्या काठचे नारळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आफ्रिकेच्या पश्चिमेकडे केप व्हर्दे बेटांवर नेले आणि तिथून ते बाहियाला पोचले. त्याच गलबतांच्या येण्याजाण्यात काजू तिकडून इकडे आला, मिरची आली. आज वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूच्या जातींसाठी ओळखलं जातं, वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७. चैत्रात ओल्या काजूंच्या उसळीशिवाय आमचं पान हलत नाही. मामा म्हणायचा, "आपलो माड थंय गेलो, थंयचो काजू हंय इलो. फिटांफीट." मी मोकेकात शेवटी ओले काजू टाकते. बाहियात टाकतात की नाही, मला फिकीर नाही. दोघांची भेट माझ्या भांड्यात व्हावी असं वाटतं.

एका भांड्यात सगळं शिजवावं असं माणसांना का सुचलं असेल? बहुतेक ठिकाणी कारण जळणाचं, वेळेचं. हंगेरीत गुलाश या शब्दाचा मूळ अर्थच गुराखी. रानात तीन काठ्यांना टांगलेली एक कढई, दुसरी आणणार कुठून? कधी कारण धर्माचं असतं. शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, ज्यू लोक विस्तव पेटवत नाहीत. म्हणून जगभरच्या ज्यू घरांत शुक्रवारी दुपारीच घेवडा, धान्य, मांस एका भांड्यात भरून निखाऱ्यांवर ठेवायची पद्धत पडली, कुठे तिला हामिन म्हणतात तर कुठे चोलेंट. आपल्या अलिबागच्या बाजूचे बेने इस्रायल शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. अलिबागेत इस्रायल आळी अजून आहे. आणि त्याच रायगडात हिवाळ्यात पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला, मडकं उपडं घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही. पेरूच्या डोंगराळ भागात जमिनीत खड्डा करून तापल्या दगडांवर असंच रचतात. त्याचं नाव पाचामांका, म्हणजे भुईचं मडकं.

वहीत फेजोआदाही आहे, काळ्या घेवड्याचं आणि डुकराच्या मांसाचं ब्राझीलचं कालवण, सोबत संत्र्याच्या फोडी. मी त्याचा मान आमच्या काळ्या वाटाण्यांना देते. एकच सांगते, आंबट काही घालायचं ते वाटाणा पुरता शिजल्यावर. आधी घातलं तर साल चिवट होते आणि मग कितीही शिट्ट्या करा. या पदार्थाची गोष्ट अशी सांगतात की मालकांनी टाकलेल्या तुकड्यांतून गुलामांनी तो घडवला. अनेक इतिहासकार ते मानत नाहीत. पोर्तुगालमध्ये घेवडा-मांसाची कालवणं आधीपासून होती.

गुलामांच्या भांड्याची खरी गोष्ट मला हैतीची वाटते. ती मामाच्या वहीत नाही. कॅरिबियन समुद्रातल्या या देशात फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. तांबड्या भोपळ्याचं एक दाट सूप, मांस, कंद, भाज्या घातलेलं, मालकांच्या टेबलावर जायचं. भोपळा पिकवायचा गुलामांनी, शिजवायचं गुलामांनी, खायची मात्र त्यांना मनाई. मग उठाव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. तेव्हापासून दर १ जानेवारीला तिथे घरोघरी सूप जुमू होतं, शेजाऱ्यांना वाटलं जातं. २०२१ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले, कारण मला आमचं खळं दिसलं.

जुलैत लावणीला बाया यायच्या. सकाळी दहाच्या सुमारास चिखलातून वर येऊन खळ्याच्या कडेला बसायच्या. पेज तीच, वैलावरच्या त्याच टोपातली, जी आम्ही आत खात होतो. पण त्यातल्या काहीजणी आपली करवंटी बरोबर आणत आणि जरा लांब बसत. मी आठ-नऊ वर्षांची असेन, वाढायचं काम माझ्याकडे होतं. आई मागून सांगायची, "वरून ओत गो, लावू नको." मी वरून ओतायची. डवलीची धार करवंटीत पडताना अंगावर शिंतोडे उडत, त्या हात मागे घेत नसत. आई दुष्ट नव्हती. पेजेत कधी पाणी वाढवलं नाही, भुकेलं कुणाला पाठवलं नाही. आणि तरी ती असं सांगायची, आणि मी तसंच करायची. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. महाड कोकणातलंच. त्यानंतर इतकी वर्षं उलटून गेल्यावरही आमच्या खळ्यात पेज वरूनच ओतली जात होती, ती ओतणारा हात माझा होता. पेज हे कुणाचं खाणं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं वर म्हटलं. शिकवलं होतं ते असं.

एका जुलैत मामा घरी होता. तो उठला, माडाखालची एक करवंटी उचलून धुतली आणि त्या बायांच्या शेजारी चिखलात जाऊन बसला. मला म्हणाला, "हाड पेज," म्हणजे आण. मी मामालाही वरून ओतली, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. त्याने काही म्हटलं नाही. खाऊन झाल्यावर तीच करवंटी त्याने ओट्याच्या कठड्यावर ठेवली, तिथे ती दसऱ्यापर्यंत होती. आईने ती काढली नाही.

दर १ जानेवारीला मी तांबड्या भोपळ्याचं सूप करते. भोपळा, सुरण, गाजर, मिरी, लवंग, एक अख्खी हिरवी मिरची न फोडता, शेवटी लिंबू. आळीत चार घरी डबे जातात. काय निमित्त, असं विचारलं तर सांगते.

या वर्षीच्या लावणीला चौघीजणी आल्या. आता माणसं मिळत नाहीत, निम्मी शेती पडीक आहे. आदल्या रात्री गावठी कोंबडी आणली होती. वैल राहिला नाही, घरात गॅस आहे. जाड बुडाचा टोप मंद आचेवर ठेवला, कोंबडी, कांदा, मिरी, आणि तासाभराने त्यातच उकडे तांदूळ. मामाच्या पानावर लिहिलंय तसंच. तांदूळ फुटला, मांस हाडावरून सुटलं. टोप उचलून ओटीवर मधोमध आणला आणि आम्ही पाचजणी त्याच्याभोवती बसलो.

चौघींतल्या सर्वांत मोठीच्या आईला मी लहानपणी पेज वाढलेली आहे. ती स्वतःही तेव्हा आईच्या पदराला धरून यायची, माझ्याच वयाची. तिला ते आठवतं हे मला माहीत आहे. तिने कधी काढलं नाही, मलाही कधी धीर झाला नाही.

तिने एक घोट घेतला, थांबली. "बरी आसा," म्हणाली, "पण पेजेक खारातलो आंबो नको?" मी उठायच्या आत तिने आपल्या पिशवीतून डबा काढला. मिठाच्या पाण्यात मुरून सुरकुतलेले दोन आंबे. ते तिने बोटांनी चुरले आणि थेट टोपात टाकले, माझ्या हातातली डवली घेतली, तळापासून ढवळलं. मग पहिला वाडगा तिने मला वाढला.